अवघड दिवसांत मित्राच्या जवळ गेले, आणि आता तो नुसते अंगठे पाठवतो

पाणकोंबडी

प्रश्न आधीच विचारून टाकते, म्हणजे धागा भरकटणार नाही. (भरकटेलच, माहीत आहे.) वर्षानुवर्षांची मैत्री असलेली दोन माणसं, दोघांचेही दिवस वाईट चाललेले, आणि त्यात ती शरीरानेही जवळ आली, तर त्यानंतर ती एकमेकांशी वागतात कशी? झालं ते बरोबर की चूक, हे मी विचारलेलं नाही. त्याची मला रुखरुख नाही. पुढचं सुचत नाहीये.

मी सदतीस वर्षांची, नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. घटस्फोटाची केस फॅमिली कोर्टात आहे, तारखा पडून राहिल्या आहेत. तो कॉलेजपासूनचा मित्र, मिहानमध्ये नोकरी. त्याचा घटस्फोट केव्हाच रीतसर झालाय. मार्चमध्ये त्याच्या बाबांना स्ट्रोक आला. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात होते. आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांवर त्याच्यासोबत बसायचं आणि रात्रीचा डबा पोचवायचा, एवढंच माझं काम. बाबा गेले. तेरवी झाली, बहीण रायपूरला परत गेली आणि तो घरात एकटा उरला.

मी डबा घेऊन गेले तेव्हा बाबांच्या खोलीतला कूलर चालू होता. खोली रिकामी, कूलरमधलं पाणी संपलेलं, पंप कोरडाच घरघरत होता. बंद करू का विचारलं तर म्हणाला, राहू दे. मग मी आधी बादलीने पाणी भरलं. त्या रात्री मी तिथेच थांबले. कोणी कोणाला ओढलं नाही, दोघांनी एकमेकांना विचारून केलं. नंतरही काही वेळा असं झालं. कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

नंतर तो हळूहळू गप्प झाला. "जेवलास का?" याला अंगठा. "बाबांच्या पेन्शनचं झालं का?" याला अंगठा. आम्ही दोघं लग्नाच्या वाटेवर नाही, मला तसं काही नकोय. पण वीस वर्षांचा मित्र मला परत पाहिजे.

तर्रीबाज

बाप्पा! नागपूरच्या धाग्यावर संत्री, सावजी अन् मेट्रो सोडून काहीतरी आलं. बसतो इथंच.

ताई, एक सांगू का, पोट्टे लोकं अंगठा दोनच वेळी पाठवतात. कंटाळा आल्यावर, नाहीतर फाटल्यावर. तुमच्या दोस्ताची फाटली असन असं वाटून राहिलं. काऊन फाटली ते मले नाही माहीत.

सत्यमेव_३२

पित्याचे निधन होऊन महिना झालेला नाही आणि हे प्रकार. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला धीर द्यायला भजन आहे, नातेवाईक आहेत, गीतापाठ आहे. मैत्रीच्या नावाखाली काहीही खपवायचे आणि वर सार्वजनिक ठिकाणी लिहायचे. विदर्भाची मुले इतकी पुढे गेली हे माहीत नव्हते.

नातवंडांची_आजी

सत्यमेव, तेरवी झाली म्हणजे सुतक संपलं, एवढं तर तुम्हालाही ठाऊक असेल. आणि तेरवीनंतर नातेवाईक किती दिवस फिरकतात तेही सांगते. माझे यजमान गेले तेव्हा तेराव्या दिवशी घरात पंगती उठल्या आणि चौदाव्या दिवशी चहा मी एकटीने प्यायले. गीता वाचली मी. रात्री तीनला जाग आली की गीता उशाशीच असायची. पण तीनला जाग आलेल्या माणसाला काय लागतं हे तुम्हाला कोणी अजून सांगितलेलं दिसत नाही.

माझं वय ६६. सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधले एक गृहस्थ, त्यांचीही पत्नी गेलेली. आधी त्यांच्याबरोबर अंबाझरीपर्यंत चालणं, मग एकमेकांच्या औषधांच्या वेळा लक्षात ठेवणं. त्यापुढचं मी लिहिणार नाही, मुलगा बंगळूरहून हा धागा वाचत असेल. पण या वयातही कोणीतरी पाठीवर हात ठेवला की अंग सैल होतं, एवढं लिहून ठेवते.

वडाभात

आजी, दंडवत.

माझा अनुभव जरा वेगळ्या वाटेचा. मी समलिंगी आहे, नागपुरातच लहानाचा मोठा झालो. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत आमच्यासारख्यांचं जवळ येणं कलम ३७७ खाली गुन्हाच होतं. सुप्रीम कोर्टाने त्या दिवशी निकाल दिला तेव्हा मी सीताबर्डीच्या एका ऑफिसात टेबलाखाली फोन धरून बातमी वाचत होतो. त्याआधीची सगळी वर्षं आमच्या टोळक्यात मैत्री आणि बाकीचं यांच्यात भिंत नव्हतीच. ज्याच्या घरी कळलं, ज्याला मारलं, ज्याचं जबरदस्तीने लग्न लावून दिलं, तो कोणाच्या तरी खोलीवर यायचा. रडायचा. कधी नुसताच झोपायचा, कधी तसं नसायचं. त्याला कोणी प्रकरण म्हटलं नाही, फसवणूकही म्हटलं नाही.

पण आमचा एक रिवाज होता आणि पाणकोंबडी, तो तुमच्या कामाचा आहे. दुसऱ्या दिवशी दोघांनी बाकीच्यांसोबत पोहे खायला यायचंच. टाळायचं नाही. सगळ्यांसमोर तर्री कमी की जास्त यावर भांडलं की कालचं काही जड उरायचं नाही. जो दुसऱ्या दिवशी यायचा नाही त्याच्याकडे दुसरा कोणीतरी जायचा आणि विचारायचा की तुला नको होतं का? दोनदा असं निघालं की खरंच नको होतं, संकोचाने बोलला नव्हता. म्हणून विचारणं महत्त्वाचं.

(इथे कोणी तरुण समलिंगी मुलं वाचत असतील तर सारथी ट्रस्ट ही संस्था नागपुरात आपल्या लोकांसाठी काम करते. आमच्या वेळी हे माहीत असतं तर खोल्या कमी बदलाव्या लागल्या असत्या.)

नकारघंटा

सगळे एकाच सुरात गायला लागलेत म्हणून मी जरा बेसूर.

माझा गर्भपात झाला होता, नवरा तेव्हा परदेशी होता आणि आमचं पटणं आधीच संपलं होतं. एक जवळचा मित्र रोज यायचा. फळं आणायचा, डॉक्टरकडे न्यायचा, माझं ऐकून घ्यायचा. मग एक दिवस ते झालं. मी हो म्हणाले होते. कोणी विचारलं तर आजही सांगेन की हो म्हणाले होते. पण तेव्हा मला कोणी म्हटलं असतं की चल, गच्चीवर जाऊन बसू, तरी मी हो म्हणाले असते, नोकरी सोड म्हटलं असतं तरी हो. मला नाही म्हणायचा त्राणच नव्हता. आणि तो मात्र कॉलेजपासून वाट बघत होता हे त्यानेच नंतर सांगितलं. अगदी अभिमानाने, जणू काही तपश्चर्या फळाला आली.

म्हणजे एक जण बुडत होता आणि दुसरा काठावर उभा होता. त्याला सोबत म्हणायला मी तयार नाही. पाणकोंबडी, तुमच्या गोष्टीत बुडणारा तो आहे. बाप गेलाय त्याचा. तुम्ही त्याला विचारलंत, तो हो म्हणाला, मान्य. पण त्याच्यात त्राण होता का, हे तुम्हीही नीट बघा. अंगठ्यांचा अर्थ कदाचित तोच असेल.

पाणकोंबडी

नकारघंटा, हे वाचून पोटात गोळा आला. मी याचा या बाजूने विचारच केला नव्हता. "बुडणारा तो आहे" याच्याशी पूर्ण सहमत नाही, पण का नाही ते मला अजून नीट मांडता येत नाहीये. बघते.

तर्रीबाज

नकारघंटाताई, त्या दोस्ताले दोन कानाखाली द्याव्या वाटल्या. सॉरी.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात रेसिडेंट होतो. नाव लिहीत नाही, कळणाऱ्यांना कळेल. दुसऱ्या लाटेत नागपूर काय होतं हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. मार्चच्या मध्यापासूनच शहर बंद. वॉर्डात एका खाटेची जागा झाली याचा अर्थ काय होतो ते आम्हाला माहीत होतं आणि बाहेर रांगेत असलेल्या नातेवाइकांनाही माहीत होतं. आमची पाळी संपली की पीपीई किट काढायचो. नाकाच्या हाडावर मास्कचा लाल वण, सॅनिटायझरने बोटांच्या पेरांची सालं निघालेली, आणि बनियन पिळून घ्यावी लागायची. शेवटचं काम म्हणजे फोन करणं. यादी घेऊन एकेका घरी फोन लावायचा आणि सांगायचं.

माझी एक बॅचमेट होती. फोन आम्ही वाटून घ्यायचो. तिला बायकांचे आवाज सोसायचे नाहीत, मला मुलांचे. एका रात्री यादी मोठी होती. काम आटोपून हॉस्टेलच्या जिन्यात बसलो आणि तिने फक्त हात पुढे केला. त्या हाताची सालं निघालेली मला अजून आठवतात. लाट ओसरेपर्यंत आम्ही एकमेकांजवळ होतो. घरी दोघांच्याही आईवडिलांना संसर्ग नको म्हणून घरी जाता येत नव्हतं. त्या अख्ख्या काळात मला हातमोजे न घालता स्पर्श केलेलं एकच माणूस म्हणजे ती.

हे टिकलं नाही, टिकायचं नव्हतंच. ती पुढच्या शिक्षणाला दुसरीकडे गेली, तिचं लग्न झालं, मी जेवायला गेलो होतो लग्नात. मैत्री शाबूत आहे. का आहे याचा मी विचार केलाय. एक तर दोघंही सारखेच खचलेले होतो, नकारघंटा म्हणतात तसा काठावर कोणीच नव्हता. दुसरं, आम्ही सकाळी मेसच्या काळ्या चहावर त्याबद्दल बोलायचो. फार नाही. "कालचं ठीक होतं ना?" "हो." "आज नको." "बरं." इतकंच. पण हे "आज नको" म्हणता येणं फार मोठं होतं. ज्या दिवशी ती म्हणाली आज नको, त्या दिवशी आम्ही पत्ते खेळलो.

जुनी_पानं

सत्यमेव यांच्या "सार्वजनिक ठिकाणी" या आक्षेपावर थोडं अवांतर. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालवत होते. त्यात वाचक आपले लैंगिक प्रश्न पाठवायचे आणि कर्वे न लाजता उत्तरं द्यायचे. १९३४ मध्ये अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे म्हणून बाबासाहेबांनी वकिली केली, आणि आपण त्यांची दीक्षाभूमी असलेल्या शहरात बसून प्रश्न विचारू नका म्हणतोय.

सत्यमेव_३२

प्रत्येक गोष्टीत बाबासाहेबांना आणू नका. माझा मुद्दा संयमाचा होता. असो. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचला. त्या काळाबद्दल मी काही बोलणार नाही, माझे मेहुणे त्याच महिन्यात गेले.

रात्रपाळी

@सत्यमेव, वाईट वाटलं.

मनकवडी

मी समुपदेशक आहे. निदान करत नाही, धाग्यावरून करताही येत नाही. थोडं लांबेल.

शोकात शरीराचं काय होतं याबद्दल लोक बोलत नाहीत, म्हणून ज्याला होतं त्याला वाटतं आपणच विकृत. काहींची इच्छा महिनोन्महिने पूर्ण मावळते, काहींची अचानक उसळते, आणि एकाच माणसाला आठवड्याभरात दोन्ही होऊ शकतं. स्मशानातून परत आल्यावर कडकडून भूक लागते ना, आणि त्या भुकेची शरम वाटते? हे तसंच आहे.

स्पर्शाचं म्हणाल तर जेम्स कोन आणि सहकाऱ्यांचा २००६ चा एक प्रयोग आहे. विवाहित बायकांना एमआरआय यंत्रात झोपवून घोट्याला विजेचा हलका झटका बसेल असं सांगितलं. कोणाचाच हात हातात नसताना, अनोळखी माणसाचा हात धरलेला असताना आणि नवऱ्याचा हात धरलेला असताना मेंदूत धोक्याची घंटा किती वाजते ते पाहिलं. नवऱ्याच्या हातानं ती सर्वांत जास्त शांत झाली, आणि ज्यांचं आपसात चांगलं होतं त्यांची अधिक. म्हणजे हात कोणाचा आहे याने फरक पडतो. वीस वर्षांच्या मित्राचा हात आणि ॲपवरून आज भेटलेल्या माणसाचा हात शरीराला एक वाटत नाही.

पण यात एक खोचही आहे. भीतीने किंवा ताणाने धडधडणारं काळीज आणि ओढीने धडधडणारं काळीज यांत माणसाची गल्लत होते. डटन आणि ॲरन यांचा १९७४ चा प्रयोग पुष्कळांना माहीत असेल, उंच झुलत्या पुलावर भेटलेल्या बाईकडे पुरुष जास्त ओढले गेले. आयसीयूबाहेरच्या खुर्च्या हाही तसाच पूल. म्हणून वाईट काळातल्या जवळिकीला लगेच प्रेम ठरवू नये, आणि लगेच चूकही ठरवू नये. मी क्लायंटना एवढंच विचारते की त्या माणसासोबत काही न करता दोन तास बसता येतं का? बसता येत नसेल, रडू आलं की दर वेळी त्याच वाटेने ते थोपवलं जात असेल, तर शोक नुसता पुढे ढकलला जातोय.

आता पाणकोंबडी, तुमचा मित्र. माझा अंदाज आहे, चुकूही शकतो. त्याला लाज त्या रात्रीची नसेल, बरं वाटल्याची असेल. बाप जाऊन पंधरा दिवस नाहीत आणि आपल्याला बरं वाटलं, हे अनेकांना फार जड जातं. तुम्ही दिसलात की त्याला तेच आठवत असेल. त्यामुळे त्याच्याशी बोलताना त्या रात्रीपासून सुरुवात करू नका. बाबांबद्दल विचारा.

आणि तो खातपीत नसेल, कामावर जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

नवीन_आयडी_७

वाचत होते बरेच दिवस, आज आयडी काढला. माझंही असंच आहे, जुन्या मित्रासोबत. एक घाबरवणारा प्रश्न. काल निरोध फाटला. कोणाला विचारू कळत नाही. हसू नका.

रात्रपाळी

कोणी हसत नाही. आजच्या आज मेडिकल स्टोअरमधून लिव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळी घ्या. चिठ्ठी लागत नाही. ७२ तासांच्या आत घ्यायची असते, पण जितकी लवकर तितकी ती जास्त काम करते, उद्यावर टाकू नका. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पुढची पाळी आठवड्याच्या वर लांबली तर चाचणी करा. ही गोळी नेहमीची म्हणून वापरायची नाही. बहात्तर तास उलटून गेले असतील तर पाच दिवसांपर्यंत कॉपर-टी बसवता येते, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

मित्राची एचआयव्हीची स्थिती माहीत नसेल आणि शंका असेल तर पीईपी नावाचं औषध आहे. तेही ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, खरं तर पहिल्या काही तासांतच, आणि २८ दिवस चालतं. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात जा. माहितीसाठी १०९७ हा नॅकोचा, म्हणजे सरकारी एड्स नियंत्रण संस्थेचा नंबर. जुन्या मित्राकडून काही होत नाही, हा समज आमच्याकडे रोज येतो. ओळख जुनी असली म्हणून चाचणी जुनी होत नाही.

गरज पडलीच तर, अविवाहित बाईलाही कायदेशीर गर्भपाताचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी ते आणखी स्पष्ट केलंय. कोणी "नवऱ्याची सही आणा" म्हटलं तर डॉक्टर बदला. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते.

नवीन_आयडी_७

घेतली. थँक्यू डॉक्टर. खरंच.

उलटतपासणी

वकील आहे, म्हणून रंगाचा बेरंग करतो.

पाणकोंबडी, केस चालू असताना तुम्ही कायद्याने अजून विवाहित आहात. व्यभिचार आता गुन्हा नाही, जोसेफ शाइनच्या निकालात २०१८ मध्ये कलम ४९७ रद्द झालं आणि नव्या न्याय संहितेत ते आलं नाही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली घटस्फोटाचं कारण म्हणून ते जिवंत आहे. पोटगीवर परिणाम व्हायला "व्यभिचारात राहत आहे" असं दाखवावं लागतं, एखाद्या प्रसंगावरून ते सिद्ध होत नाही असं अनेक हायकोर्टांनी म्हटलंय. तरी व्हॉट्सॲपवर काही लिहू नका. समोरच्या वकिलाला स्क्रीनशॉट फार आवडतात, मलाही आवडतात. परस्पर संमतीने घटस्फोट होण्यासारखा असेल तर या सगळ्याचा प्रश्नच येत नाही.

पुरुष वाचकांसाठी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६९ लागू आहे. लग्न करायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. वचन दिलं आणि पुढे परिस्थितीने मोडलं, हे वेगळं, आणि वचन पहिल्यापासूनच खोटं होतं, हे वेगळं. हा फरक सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या प्रमोद सूर्यभान पवार प्रकरणात सांगितला आहे, तो महाराष्ट्रातलाच खटला. म्हणून समोरच्याला धीर द्यायच्या भरात "मी आहे ना, लग्न करू आपण" असलं काही तोंडातून काढू नका. मनात नसेल तर अजिबात नाही. आणि दारू प्यायलेल्या माणसाला काय चाललंय हे कळत नसेल तर त्याचं "हो" कायदा धरत नाही.

बाकी दोन सज्ञान अविवाहितांनी काय करावं यात कायदा पडत नाही. लॉजवर खोली न देणाऱ्या मॅनेजरलाही हे ऐकवा, मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या प्रकरणात म्हटलंय की अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहणं हा गुन्हा नाही.

तर्रीबाज

वकीलभाऊ, मॅनेजरले मद्रास हायकोर्ट ऐकवलं तर तो पहिले घरचा नंबर मागन.

पाणकोंबडी

काल गेले होते त्याच्याकडे. आधी कळवलं नाही, मेसेज केला असता तर अंगठा आला असता.

मनकवडी, तुम्ही सांगितलं तसं बाबांबद्दल विचारलं. त्याने बाबांची औषधं अजून टाकलेली नाहीत. पट्ट्या सगळ्या एका चपलांच्या खोक्यात, वर बाबांच्याच अक्षरात "सकाळ", "रात्र" लिहिलेलं. आम्ही बसून एक्स्पायरी डेट बघत वेगळ्या केल्या. चांगल्या राहिलेल्या कोणाला देता येतात का ते बघायचंय. (रात्रपाळी, येतात का?) बराच वेळ तेच करत होतो. मग तो आपणहून बोलला.

तुमचा अंदाज चुकला. बरं वाटल्याची लाज त्याला नव्हती. त्याला वाटत होतं की मी दया केली. डबा, हॉस्पिटल, बादलीभर पाणी आणि मग तेही. सगळं मी देत होते आणि तो घेत होता, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणाला, "तू मला सांभाळत होतीस, मग मी तुला कोणत्या तोंडाने फोन करू? आणखी काय मागू?" म्हणजे नकारघंटा, बुडणारा आणि काठावरचा, हेच तोही मोजत होता, फक्त त्याच्या हिशेबात काठावर मी होते आणि तो स्वतःलाच फुकट्या समजत होता.

परवा मला जे मांडता येत नव्हतं ते त्याच्यासमोर मांडता आलं. त्या रात्री मी त्याच्यासाठी थांबले नव्हते. त्याच दिवशी दुपारी कोर्टात माझी उलटतपासणी झाली होती. समोरच्या वकिलाने भर कोर्टात मला मूल का झालं नाही, यावर प्रश्न विचारले. तिथून सुटल्यावर मला माझ्या घरी जाऊन कुलूप उघडायची हिंमत नव्हती. डबा हे निमित्त होतं. हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, त्याचे बाबा गेले असताना माझं रडगाणं कशाला, म्हणून. तो बघतच राहिला. मग चिडला. "मला का नाही सांगितलंस?" म्हणून चांगला मोठ्याने भांडला माझ्याशी. इतका जुना आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

पुढे काय, तर सध्या तसं काही नको असं दोघांनी ठरवलंय. माझी केस हे एक कारण. दुसरं म्हणजे दोघांनाही त्याची आत्ता तेवढी गरज वाटत नाही. परत वाटलं तर बोलू. जून संपेपर्यंत बाबांची खोली आवरायची आहे, त्यात मी रविवारी जाणार आहे.

मनकवडी

चुकले तर! बरं झालं विचारलंत.

नकारघंटा

पाणकोंबडी, तुमचं पटलं. तुमच्याकडे दोघंही पाण्यात होतात आणि दोघांनाही तसं म्हणता आलं. माझ्या बाबतीत मात्र मी मत बदलणार नाही. आणि नवीन_आयडी, तुम्ही गोळी घेतलीत पण मुद्द्याचं अजून सांगितलं नाही. तुमचं काय बुडतंय आणि त्याचं काय? उत्तर इथे द्यायलाच हवं असं नाही. स्वतःला द्या.

नवीन_आयडी_७

त्याचं काहीच बुडत नाहीये. तेच तर.

नकारघंटाताई, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय.

रात्रपाळी

@पाणकोंबडी, उघडलेल्या पट्ट्या कोणी घेणार नाही. अखंड पट्ट्या, तारीख शिल्लक असेल तर, काही धर्मादाय दवाखाने घेतात, पण फोन करून विचारून मगच न्या. इन्सुलिन फ्रिजबाहेर राहिलं असेल तर ते टाकाच. आणि झोपेच्या गोळ्या त्यात असतील तर त्या आधी वेगळ्या करून तुमच्याकडे ठेवा, त्याच्या घरात नको.

पाणकोंबडी

दोन पट्ट्या होत्या. आणल्या घरी. उलटतपासणी, तुम्हालाही व्यनि करते, परस्पर संमतीबद्दल विचारायचंय.